ॲसिड घातलेल्या बाटल्या

सरांविषयी मला आजही चांगलं बोलता येत नाही. आमच्या बॅचची मुलं म्हणतात, झालं गेलं, शिक्षक होते, सोडून दे. मी सोडलेलं नाही.

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर मी पर्यावरणीय विषशास्त्र आणि कायदा असा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स घेतला. कोल्हापुरात तो नवीनच निघाला होता. आम्ही सातजण. सकाळी लॅब, दुपारी दुसऱ्या इमारतीत कायद्याचे तास. वकिली करून आलेल्यांना पिपेट धरता येत नव्हतं आणि आम्हा सायन्सवाल्यांना कलम वाचता येत नव्हतं. दोन्ही बाजूंचे शिक्षक एकमेकांना हसायचे. सर विषशास्त्राचे. ते म्हणायचे, "कायदा म्हणजे पाठांतर." कायद्याच्या मॅडम म्हणायच्या, "यांच्या आकड्यांना कोर्टात कुत्रं विचारत नाही."

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांची आडनावं विचारली. माझं ऐकल्यावर क्षणभर थांबले आणि हसून म्हणाले, "वा. तुमच्याकडं काय, कायदा रक्तातच असतो. केमिस्ट्री जमेल ना?" वर्गातले दोघं हसले. मी कागलची. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, आजोबांच्या पिढीपासून घर बौद्ध. असलं बोलणं मला नवीन नव्हतं. शिवाजी पेठेत खोली बघताना तीन घरमालकिणींनी आडनाव ऐकून "कालच दिली हो" म्हणून सांगितलं होतं. पण घरमालकिणीला मार्क द्यायचे नसतात. सरांना द्यायचे होते.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी विषय घेतला तो शहराबाहेरच्या प्लेटिंगच्या शेडचा. कागलकडं जाणाऱ्या हायवेच्या आत एक ओढा आहे. त्याच्या काठाला चार-पाच शेड. लोखंडी सुट्या भागांना क्रोमचा मुलामा देतात तिथं. टाकीतलं पाणी खराब झालं की ओढ्यात सोडतात. ओढ्याला लागून एका जैन शेतकऱ्याचं माळवं होतं: मेथी, कोथिंबीर, वांगी. वस्तीवर सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं होतं. गढूळ नव्हे, स्वच्छ पिवळं, लिंबू सरबतासारखं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अण्णांच्या बायकोनं मला पंपाच्या नळाला बांधलेलं फडकं दाखवलं. पाणी गाळून घ्यायची त्यांच्या घरची पद्धत, पाण्यातला जीव मरू नये म्हणून. फडकं हळदीत बुडवल्यासारखं झालं होतं. म्हणाली, "आठ दिवसांनी बदलते बाई. धुतलं तरी जात न्हाय." प्यायला त्यांच्याकडं नळाचं पाणी होतं, पण जनावरं हेच पीत होती आणि भाजीला हेच जात होतं. त्या दिवशी अण्णांनी मला ताक दिलं, वांगी बांधून दिली आणि नमुने घेऊ दिले. विहिरीच्या दोन बाटल्या, ओढ्याच्या दोन.

आता बाटल्यांचं सांगते, कारण सगळं तिथंच फसलं. क्रोम पाण्यात दोन रूपांत असतं. एक फारसं घातक नाही. दुसरं पिवळं असतं, ते कॅन्सर करणारं. एरवी धातू तपासायचे नमुने टिकावेत म्हणून बाटलीत ॲसिड घालतात. पण पिवळं क्रोम शोधायचं असेल तर घालायचं नाही, नुसतं थंड ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसाच्या आत तपासायचं. ॲसिड घातलं आणि पाण्यात शेणापाल्याचा थोडा जरी अंश असला, की पिवळं क्रोम दुसऱ्या रूपात जातं. म्हणजे तुम्ही जे शोधत होता ते बाटलीतच नाहीसं होतं.

हे मला माहीत होतं. पण मी नमुने आणले त्या शुक्रवारी दुपारी मॅडमचा तास होता आणि हजेरी कमी असल्यानं तो बुडवता येत नव्हता. मी चारही बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, रजिस्टरला सही केली आणि सरांना सांगितलं, "सर, उद्या सकाळी क्रोम लावते." ते मोबाईलमध्ये बघत "हं" म्हणाले. शनिवारी लॅबला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, सरांनीच बंद ठेवायला सांगितलंय. सोमवारी फ्रिज उघडला तर बाटल्यांतलं पाणी पिवळं राहिलं नव्हतं.

मी रजिस्टर बघितलं. माझ्या सहीखाली सरांच्या अक्षरात लिहिलेलं: ॲसिड घालून जतन केले. टेस्ट लावली. पिवळं क्रोम असेल तर जांभळा रंग यायला पाहिजे. चारही नळ्या पाण्यासारख्या.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, बाटल्यांत ॲसिड का घातलं?"

"धातूचे नमुने आहेत. घालतातच."

"क्रोमसाठी घालत नाहीत. मी तुम्हाला क्रोम म्हणाले होते."

"लेबलवर लिहिलं होतंस?"

लेबलवर जागा, तारीख, वेळ होती. ॲसिड घालू नये असं लिहिलेलं नव्हतं. अक्षर माझंच होतं. मी गप्प झाले आणि त्या गप्प होण्याचा राग मला पुढं कित्येक महिने येत राहिला.

"निदान एकूण क्रोम तरी मोजून द्या," मी म्हणाले. "ॲसिड घातलं तरी ते राहतं."

"मशीन बंद आहे."

"कधी चालू होईल?"

"तुला आकडा पाहिजे ना? आढळले नाही, हासुद्धा आकडाच. तेवढा लिही आणि प्रबंध संपव."

त्यांच्या मागच्या कपाटात फायली होत्या. एकीच्या पाठीवर ओढ्याकाठच्या त्या शेडमधल्याच एकीचं नाव मी वाचलं. आमची लॅब बाहेरची तपासणीची कामं घेते हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाची घेते हे मी पहिल्यांदा बघत होते. सरांनी मी कुठं बघतेय ते बघितलं आणि कपाटाचं दार पायानं लोटलं. ॲसिड मुद्दाम घातलं का सवयीनं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तो पाय मी विसरलेले नाही.

परत नमुने घ्यायचे म्हणून त्याच आठवड्यात अण्णांच्या मळ्यात गेले. विहिरीवर पत्रा टाकलेला. अण्णा बांधावरच आडवे आले.

"न्हाय मिळायचं पाणी."

"अण्णा, मागच्या बाटल्या खराब झाल्या. फक्त दोन..."

"तुमच्याच कालिजातनं फोन आलता शेडवाल्याला. पोरगी तुमच्या नावानं बोंबलत फिरतीया म्हणून. त्यो हितं येऊन सांगून गेला. हीर खराब म्हणून पेपरात आलं तर उद्या बाजारात माझी मेथी कोण घील? तू घेशील?"

मागच्या खेपेची वांगी मी खोलीवर नेऊन टाकून दिली होती.

"बघ, गप बसलीस. जावा आता पावणं. ताक पाजलं तीच चूक झाली."

त्यांची बायको दारात उभी होती. तिनं मान फिरवली.

हायवेला येऊन मी चहाच्या गाड्यावर थांबले. शेजारच्या बाकड्यावर प्लेटिंगच्या शेडमधला एक कामगार चहा पीत होता. पस्तिशीचा असेल, बोटांच्या पेरांना पिवळे डाग आणि गोल खड्डे. तो श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती. मी बघतेय हे कळल्यावर तो हसला.

"नाक वाजतंय माझं. टाकीवर चार वर्सं काडली की समद्यांचं वाजतंय. थांबा, गंमत दावतो."

त्यानं शर्टाच्या बाहीचा सुटलेला दोरा तोडला, एका नाकपुडीत घातला आणि दुसरीतून ओढून काढला. गाड्यावरचे दोघंतिघं हसले. नेहमीचाच खेळ असावा. नाकातला मधला पडदा क्रोमच्या वाफेनं खाऊन टाकला होता. मी पुस्तकात चित्र बघितलं होतं. चित्रातला माणूस हसत नव्हता.

मी तशीच मॅडमकडं गेले. मॅडम मला आवडायच्या अशातला भाग नाही, त्या कुणालाच आवडत नसत. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बाटलीत पिवळं निघालं असतं तरी काय केलं असतंस? कोर्टात लागणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं घ्यायचा असतो. मालकाला नोटीस देऊन, त्याच्यासमोर दोन भाग करून, सील करून. पाण्याचं सोड, नाक धर."

मग त्यांनी कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातली यादी उघडून दाखवली. क्रोमनं होणारे आजार त्यात होते. त्या कामावरच्या माणसाला तो आजार झाला तर तो कामामुळंच झाला असं कायदा धरून चालतो. नाही म्हणायचं असेल तर मालकानं सिद्ध करायचं. मी ते कलम तीनदा वाचलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कायदा माझ्या बाजूनं बोलतोय असं वाटलं.

त्या कामगाराला सरकारी दवाखान्यात न्यायला मला चार खेपा घालाव्या लागल्या. "कशाला मॅडम, दुखत न्हाय," हे त्याचं ठरलेलं. शेवटी आला. तरुण डॉक्टरीणबाईंनी बॅटरीनं नाक बघितलं, काम कुठलं ते विचारलं आणि केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहिलं की नाकाचा पडदा फुटला आहे आणि कारण क्रोमशी संपर्क असावा. मॅडमच्या ओळखीच्या वकिलांनी अर्ज तयार केला. कामगारानं अंगठा नको, सही करतो म्हणून सावकाश सही केली. मी प्रबंधात नवं प्रकरण लिहायला घेतलं.

पहिल्या तारखेला तो आलाच नाही. दुसऱ्या तारखेला मालकाच्या वकिलानं त्याचं लिहून दिलेलं निवेदन दाखल केलं: मला लहानपणापासून तपकीर ओढायची सवय आहे, नाकाचा त्रास त्यामुळं आहे, मालकांविरुद्ध तक्रार नाही.

त्याचं गाव मलकापूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मी एसटीनं गेले, पुढं चार मैल चालले. तो घरापुढं शेळ्यांना पाला टाकत होता. मला बघून उठलाच नाही.

"तपकीर कधीपासून ओढता?" मी विचारलं.

"ओढत न्हाय."

"मग सही का केली?"

"धाकट्या भावाला लावून घेतलंय त्यानं. दोन वर्सं बसून हुता घरात."

"कुठल्या कामावर?"

तो पाला टाकत राहिला.

"टाकीवरच ना?"

"टाकीवरच. दुसरं काय हाय तिथं?" मग एकदम माझ्याकडं वळला. "मॅडम, तुमचा पेपर व्हतोय, डिग्री व्हतीया. माझं नाक काय परत येतंय व्हय? मग भाकरी का घालवू?"

मी त्याला नको ते बोलले. भावाचं नाक तू विकलंस, असं म्हणाले. त्याची आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, आमच्या दारात येऊन शाप दिऊ नगा." परतीच्या एसटीत मी रडले नाही. रडायला दुःख लागतं. मला फक्त राग आला होता: त्याचा, सरांचा, अण्णांचा आणि टाकून दिलेल्या वांग्यांपायी माझा.

प्रबंधात मी सगळं लिहिलं. ॲसिडचं पान, रजिस्टरच्या नोंदीचा फोटो, माझ्या अपुऱ्या लेबलचासुद्धा, आणि तपकिरीचं निवेदन. सरांनी ॲसिडचं पान काढ म्हणून सांगितलं. मी काढलं नाही. त्यांनी दोन महिने सही अडवली. शेवटी मॅडमनी सहमार्गदर्शक म्हणून सही केली, तीही माझ्यासाठी नव्हे. "तुमच्या सरांना एकदा हे वाचायला लावायचंय," असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान उघडलं आणि विचारलं, "हे जतन कुणी केलं?"

सर हसत म्हणाले, "विद्यार्थिनीची लेबलिंगची चूक. पानाखाली तिनंच कबूल केलंय."

"लेबल माझं," मी म्हणाले. "ॲसिड सरांचं. शनिवारचं कुलूपही सरांचं. आणि ज्या शेडचा हा नमुना आहे तिची फाईल सरांच्या कपाटात आहे. उघडून बघा."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. कपाट उघडायला ते उठले नाहीत. म्हणाले, "पुढचा प्रश्न घेऊ."

मी पास झाले. अंतर्गत मार्क सरांच्या हातात होते, त्यांनी पास होण्यापुरतेच दिले. शेड चालू आहेत. अण्णांची विहीर झाकलेली आहे आणि मेथी बाजारात जाते, बोअरच्या पाण्यावर की कशावर, मला माहीत नाही. सर आता विभागप्रमुख आहेत. मी ज्या वकिलांनी अर्ज केला होता त्यांच्याकडं काम करते. कामगार आला की आधी सांगते, घरात कुणाला नोकरी लावून घेतो म्हणतील, तेव्हा काय करणार ते आत्ताच सांगा. काहीजण तिथूनच उठून जातात.

निकालाच्या दिवशी मी कागलला घरी गेले. वडिलांनी पेढ्यांचा पुडा आणून ठेवला होता. गल्लीत वाटायचे म्हणाले. "कशाचे वाटता?" मी ओरडले. "काय झालंय एवढं?" पुड्यातला एक पेढा त्यांनी स्वतःच खाल्ला, पुडा परत बांधला, फळीवर ठेवला आणि म्हणाले, "बरं. हात धू. भाकरी गरम आहे."