न दमणाऱ्या मुलीची सीट

गरौठ्याच्या रेखाचं नाव हॉस्टेलमधून काढायचं ठरलं होतं. कारण काय, तर ती दमत नाही.

मी तेव्हा झाशीच्या एका स्पोर्ट्‌स हॉस्टेलात स्ट्रेंग्थ कोच होते. म्हणजे खेळाडूंना वजनं उचलायला लावून त्यांची ताकद वाढवायची. आमचे इनचार्ज तोमर सर जुने पैलवान. मेहनत तपासायची त्यांची पद्धत एकच. ट्रेनिंग संपता संपता हॉलमध्ये चक्कर मारायची आणि कोण आडवं पडलंय ते बघायचं. पडला तो मेहनती, उभा दिसला तो कामचोर. मुलांना हे पक्कं ठाऊक. सरांची मोटारसायकल फाटकात वाजली की सगळे धडाधड जमिनीवर. रेखा बिचारी तेव्हा वजनाच्या प्लेटा जागेवर लावत असायची.

सर म्हणाले, बरुआसागरची एक मुलगी वेटिंगवर आहे, ही सीट तिला देऊन टाकू. रेखा कबड्डी खेळायची. गरौठ्यात ना हॉल, ना मॅट. परत गेली असती तर खेळ तिथेच संपला असता. तिने मला एवढंच विचारलं, "मैडम, थकना ज़रूरी है क्या?"

मला भयंकर राग आला होता. पण तोमर सरांपुढे आवाज चढवून कुणाचं काही झाल्याचं मी पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांनाच म्हटलं, तुमचा सगळ्यात मेहनती मुलगा निवडा, दोघांची टेस्ट घेऊ. त्यांनी अजयला निवडलं. पडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे.

आधी दोघांचा वन आरएम काढला. म्हणजे माणूस कसंबसं एकदाच उचलू शकेल असं वजन. अजयचा रेखापेक्षा कितीतरी जास्त आला आणि सरांची मान ताठ झाली. मग मी दोघांच्या बारवर आपापल्या वन आरएमच्या निम्म्याहून थोडं जास्त वजन लावलं. बार खांद्यावर घेऊन बैठका. पाय नाही म्हणेपर्यंत मारायच्या, थोडं थांबायचं, की पुन्हा सुरू.

पहिल्या सेटला दोघं जवळजवळ बरोबरीत होती. पुढे अजयच्या बैठका झपाट्याने कमी होत गेल्या. रेखाच्याही झाल्या, पण हळूहळू. शेवटच्या सेटला अजय बार रॅकवर टेकवून खाली बसला. या खेपेला खराखुरा. रेखाच्या बैठका चालूच.

"अरे, उसका वज़न तो हल्का है," सर म्हणाले.

"सर, अजयला त्याचं जितकं जड, तितकंच तिला तिचं जड."

मग त्यांना समजावलं. पुरुषाचा स्नायू साधारणपणे मोठा, जोरही जास्त. पण तो आवळला की आतल्या रक्तवाहिन्या जास्त दाबल्या जातात आणि तो लवकर थकतो. बायकांच्या स्नायूत संथपणे, टिकून काम करणारे तंतू सहसा जास्त असतात. दोन सेटच्या मधे त्या लवकर सावरतातही. प्रत्येकीचं असंच असतं असं नाही, आणि अगदी जड वजनाला हा फरक कमी होतो. पण रेखा कामचुकार नव्हती. तिला काम कमी पडत होतं.

सर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ठीक है, रहेगी. पर जब थकती नहीं, तो लड़कियों के सेट बढ़ाओ."

रेखाची सीट वाचली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुलींचे सेट वाढले आणि त्यांनी त्याबद्दल मला कितीतरी दिवस शिव्या घातल्या. आडवा पडलेला माणूस पडलाय एवढंच दिसतं, त्याने काम किती केलं ते मोजावं लागतं. मी तेव्हापासून मोजायला लागले. तोमर सर मात्र रिटायर होईपर्यंत चक्कर मारत राहिले. फाटकात मोटारसायकल वाजली की आता रेखासुद्धा प्लेटा सोडून आडवी व्हायची.