रसिकराजांचा मग

टाइल्सच्या दुकानात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या इसमाला आम्ही सगळे रसिकराज म्हणायचो. त्याला तो मान वाटायचा, यातच काय ते समजा. गिऱ्हाईक न्हाणीघरासाठी फरशी बघायला आलं, तरी हा त्याला रंगांच्या मनातलं ऐकवत बसायचा. शेवटी कंटाळून ते माझ्याकडे यायचं. माझा धंदा त्याच्या जिभेवर चालला होता.

समोर चष्म्याचं दुकान होतं. तिथे भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणारी एक मुलगी होती; बोलणं मोजकं, हाताला सफाई. हा वर्षभर चहाच्या सुट्टीत तिच्या काउंटरपुढे स्टूल टाकून बसायचा आणि स्वतःची टिमकी वाजवायचा. तीही ऐकून घ्यायची. खरं सांगायचं तर तिला तो जरासा आवडतही होता. आता आवडीला कोण काय करणार.

तिच्या वाढदिवसाला त्याने सिरॅमिकचा मग आणला. पांढऱ्या मगाच्या एकाच बाजूला निळे-तांबडे फराटे आणि मधे काळा ठिपका. कौतुक बघायला मलाही ओढून नेलं.

"ही अमूर्त कला आहे," तो तिला म्हणाला. "निळा म्हणजे मी. तांबडी तू. आणि ठिपका म्हणजे आपल्यातलं मौन."

याच्या तोंडी मौन. मला ठसका लागला.

तिने मगात चहा ओतला आणि उचलला. चित्र नेमकं त्याच्याकडे झालं, कोरी बाजू तिच्याकडे. हा फराट्यांकडे बघत बोलतच सुटला. दोन घोट घेऊन तिने मग खाली ठेवला.

"मला इथून काहीच दिसत नाही."

"उजव्या हातात धर ना."

"मी डावखुरी आहे," ती म्हणाली. "वर्षभर समोर बसतोस. मी स्क्रू कुठल्या हाताने पिळते, तेही पाहिलं नाहीस?"

दुसऱ्या कुणी इथे खाली मान घालून माफी मागितली असती. हा म्हणाला, "हाताचं काय घेऊन बसलीस? भावना बघ."

तिने चहा संपवला, मग विसळला, पुसला आणि त्याच्या हातात दिला. "उद्यापासून ते स्टूल गिऱ्हाइकांना लागेल," एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. पण पाठ फिरवताना तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. याने नाही पाहिला. रस्ता ओलांडताना म्हणतो कसा, "गाढवाला गुळाची चव काय." गाढव कोण, हे मी विचारलं नाही.

पुढे त्याच्या आईने त्याचं लग्न ठरवलं. होणाऱ्या बायकोला त्याने तोच मग दिला, नवा कागद गुंडाळून. वर "खास तुझ्यासाठी करून घेतला" असंही सांगितलं. लाज नावाची चीज त्याच्याकडे कधी नव्हतीच.

परवा त्यांच्या घरी गेलो, तर वहिनी त्याच मगातून चहा पीत होत्या. मी मुद्दाम चित्राचा अर्थ विचारला.

"मीही ह्यांना एकदा विचारला होता, भावोजी," त्या म्हणाल्या. "जेवण गार झालं. तेव्हापासून मी ह्यांना काहीच विचारत नाही."

आतल्या खोलीत रसिकराज फोनवर कुणाला तरी रंग समजावून सांगत होते. वहिनींनी उठून दार लोटून घेतलं.