टाचण्यांच्या वतीने आभार

सालवडच्या पुढे आमच्या गावाचं तळं आहे. त्याच्या काठच्या गवतात पिवळ्या टाचण्या असायच्या. टाचणी चतुर किड्यासारखीच, पण काडीइतकी बारीक. बसली की पंख मिटून घेते. नर हळदीच्या रंगाचा, मादी मळकट. जोडीने येतात आणि पाण्यातल्या झाडांच्या देठांत अंडी घालतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रोज सकाळी तिथे बसायचो.

मग सुशोभीकरण आलं. जेसीबीने काठ खरवडला, दगडी कड बांधली गेली आणि पाण्यावर प्लॅस्टिकची कमळं सोडली गेली. त्यातल्या एका कमळावर एक मादी शेपूट टेकवून अंडी घालायचा पुन्हापुन्हा प्रयत्न करताना मी पाहिली. तेव्हाच ठरवलं, याचा सूड घ्यायचा. पश्चिमेकडचा गवताचा एक कोपरा तेवढा उरला होता. तो दुसऱ्या टप्प्यात जाणार होता.

उद्घाटनाला पालघरहून पाहुणे आले, दोन तास उशिरा. दिवस मावळत होता. गावात आभार मानायचं काम माझ्याकडे असतं, कारण मला सगळ्यांची नावं आठवतात. आणि आभार, मग राष्ट्रगीत, एवढं झाल्याशिवाय आमच्याकडे व्यासपीठावरून कोणी उठत नाही.

मी सावकाश सुरुवात केली. मंडपवाला, दगडांचे ट्रक चालवणारे, खुर्च्या मांडणारे, खुर्च्या पुसणारे. डास आले. ते आधीही होते, पण आता त्यांना विरोधी पक्ष उरला नव्हता. पाहुण्यांनी घोटा खाजवला, मग मान, मग स्वतःच्याच गालावर चापट मारली. "मास्तर, आवरा," सरपंच कुजबुजले. मी त्यांचेही आभार मानले, सविस्तर.

"डास खाणाऱ्या टाचण्यांचेही आभार," मी शेवटी म्हणालो. "काही कारणाने त्या आज येऊ शकल्या नाहीत."

परतताना मासळी विकणारी शेजारीण म्हणाली, "तुमचा काय खरा नाय, मास्तर. पावना खुर्चीत नाचत व्हता!"

"तू हसत होतीस ते दिसलं मला."

"मंग काय रडू?"

दुसऱ्या टप्प्याची पत्रिका अजून छापलेली नाही. कोणी पाहुणा तारीख देत नाही, आणि पाहुण्याशिवाय इथे कुदळ उचलली जात नाही. कोपऱ्यातलं गवत वाढलंय. परवा तिथे देठाला बिलगलेल्या दोन जोड्या दिसल्या.

काल सरपंच रस्त्यात भेटले. "मास्तर, पुढच्या वेळी आभार दुसऱ्या कोणाला देऊ या का?"

"द्या की," मी म्हणालो. "प्रास्ताविक मी करतो."