देवरावांचा बफर

प्रेमला, "माझ्यावर काय लिहिता काकू," म्हणायची सोय नाही. मी, तुझी शेजारची काकू, लिहायला बसले आहे. चुकलं तर सांग, रडू मात्र नकोस.

साल पंच्याण्णव. भिलाईजवळच्या हथखोजला, लोखंड ओतायच्या एका ढलाई कारखान्यात प्रेमला कॉम्प्युटर सांभाळायची. नवरा अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या पगारावर. ऑफिसच्या साऱ्या फायली एकाच कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर. बाकीची टेबलं तारेनं त्याला जोडलेली.

मॅनेजर देवरावांनी हयात रेल्वे यार्डात घालवली होती. नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, 'बफर' शब्द दिसताच त्यांची कळी खुलली. "बफर मोठा असला का धक्का कमी लागते, बाई. वाढवा!" त्यांच्या डोक्यात वॅगनचा धक्का झेलणारा बफर, हा बफर म्हणजे आलेली माहिती घटकाभर ठेवायची मेमरीतली जागा. प्रेमला शिकलेली, तरी तिलाही पटलं. वाढवला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर रांगायला लागला. माल बाहेर न्यायची पर्ची, म्हणजे एक चलान, उघडेस्तोवर चहा पिऊन व्हावा. दारात भरलेला ट्रक आणि ड्रायव्हर बाबुलालची हाक, "मैडम, पर्ची दोगी कि यहीं बुढ़ापा काटूँ?"

तिनं जुना आकडा परत घातला. फरक नाही. तारा तपासल्या, जोड घट्ट केले. तरी नाही.

"करून काय राहिल्या तुम्ही? माल नाही गेला तर उद्यापासून येऊ नका," देवराव म्हणाले.

 नवऱ्याची औषधं तिच्या डोळ्यांपुढे आली. आणि तेव्हा उमगलं: बफरांनी मेमरी गिळली, फायलींना जागाच उरली नाही. नुसता आकडा बदलून काय होणार? गिळलेलं हे यंत्र बंद केल्याशिवाय सोडत नाही.

"साहेब, थोडा वेळ सर्व्हर बंद करू द्या."

"बंद? कावून? अकाउंटवाले काम करून राहिले न! हात लावाल तर खबरदार."

तिनं हात लावला. सगळे पडदे थिजले, अकाउंटवाल्यांची सकाळची मेहनत बुडाली, बोंब उठली. सर्व्हर पुन्हा उठला तो पळतच. चलान निघालं, ट्रक गेला.

आणि प्रेमलाही गेली. माल वेळेत पोचला हे देवरावांनी धरलं नाही. हुकूम मोडला तेवढं धरलं. त्यांनी तिला तसंच गेटबाहेर काढलं. जेवणाचा डबा सर्व्हरच्या टेबलावरच राहिला, न उघडलेला.

प्रेमला माझ्याकडे आली. "काकू, मले एकटीनं त्या गेटात पाय टाकवत नाही. डबा आणाले चाला न संगं."

मंगळवार ठरला. पण गेटापर्यंत जाऊनही तिचा पाय आत पडेना, आम्ही तशाच परतलो; तो डबा काही घरी आला नाही.