जात्याखालची गोधडी

माझा धंदा लाउडस्पीकरचा. धुळ्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत लग्न असो, नाटक असो, नाहीतर निवडणूक, माझे कर्णे झाडावर चढले की तीन गावांना कळायचं. शाळा चौथीपर्यंत. पुढे मास्तरांनीच वडिलांना सांगितलं, याला तारा जोडू द्या, पुस्तकात हा रमत नाही. तेव्हा लिहिण्यात चुका होतील. बायको असती तर म्हणाली असती, तुम्ही लिहू नका, नुसतं बोला, लिहायला कोणीतरी बघू. ती गेली. दोन वर्षं होत आली. घर खायला उठतं असं लोक म्हणतात, ते खरं आहे. पण मला त्यावर लिहायचं नाही. मला त्या एका पावसाळ्यावर लिहायचंय, जेव्हा आम्ही दोघांनी कॉम्प्युटरात गाणी भरली आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आमची एकुलती पोर लग्न करून दुबईला गेली होती. जावई तिकडे एसीच्या कामावर. लग्नाआधी पोर घरी बसून कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका बनवायची. ती गेली आणि कॉम्प्युटर मागे राहिला. बायकोनं त्याला जुन्या साडीचं कापड पांघरलं होतं. दसऱ्याला माझ्या अॅम्प्लिफायरच्या आधी त्याला हळदकुंकू लागायचं.

आषाढात पोरीचा फोन आला. खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच नाक-डोळे लावायचे, लुगडं नेसवायचं, नथ घालायची, की झाली देवी. तिच्यापुढे बाया गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. ही गाणी कुठे छापलेली नसतात. आईकडून पोरीकडे जातात. आमच्या पोरीनं ती कधी घेतली नाहीत. आई म्हणायची तेव्हा ही पत्रिकेवर गणपती बसवत असायची.

आता तिकडे खानदेशातल्या चारपाच बाया एकत्र आल्या होत्या आणि यंदा पहिल्यांदा पोरीच्या घरी कानबाई बसणार होती. सगळ्या म्हणाल्या, तुझी आई एवढी म्हणते, तर गाणी तूच म्हणशील. मी मागच्या वर्षी एक कॅसेट पाठवली होती. तिच्यात अख्ख्या गल्लीच्या बाया आणि ढोलकी.

"आबा, त्यात नुसता गलका आहे. शब्द कळत नाहीत," पोर म्हणाली. "आणि इथे टेपही बिघडलाय, सीडी चालते. माझ्या कॉम्प्युटरवर आईचा एकटीचा आवाज भरा. आई मध्ये खोकली तर तेवढंच कापता येतं." मग म्हणाली, "पहिलीच कानबाई, आणि मी तिच्यापुढे मुकी बसू का?"

जावयाच्या कामावरचा एक जण दोंडाईच्याचा. रजेवर आला होता आणि श्रावण लागायच्या आत परत निघणार होता. सीडी त्याच्या हातात पडली तर पोरीला गाणी मिळणार, नाहीतर नाही.

मी म्हटलं, एवढंच ना! जन्म गेला माझा माइकात.

माझा माइक लोखंडी, भरताच्या वांग्याएवढा. कॉम्प्युटरच्या मागचं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं. मी पिन कापली, बारीक पिन जोडली, कथलाचा डाग दिला. बायको बोलली तर पडद्यावरची हिरवी रेघ नुसती हलल्यासारखी झाली. आता, आवाज कमी आला की अॅम्प्लिफायर लावायचा, हे माझं आयुष्यभराचं औषध. कर्ण्याला जाणारी तार काढली आणि सरळ त्या भोकात दिली. बायकोला म्हटलं, "हां, बोल."

ती बोलायच्या आत आतून टक् झालं आणि वास सुटला.

"काय जयनं?" तिनं विचारलं. काय जळलं, असं.

"काही नाही. गरम होतंय."

"मी भाकर रोज जायस. माले वास कये," ती म्हणाली. रोज भाकर जाळणारी ती, तिला जळल्याचा वास खरंच कळत होता.

पोरीला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई आमच्या मागच्याच गल्लीत क्लास चालवायच्या. मोपेडवर आल्या, दारातूनच "जय भीम नाना" म्हणाल्या, डबा उघडला, तारेकडे बघितलं, अॅम्प्लिफायरकडे बघितलं आणि खाली बसून हसत सुटल्या.

"नाना, तुम्ही डासाच्या कानात भोंगा वाजवला."

"मेला का?"

"डबा जिवंत आहे. साउंड कार्ड मेलं. धुळ्यात मिळायचं नाही, जळगावला जा."

बायकोनं डबा गोधडीत गुंडाळला, वरून तोंडाशी जरा मोकळं ठेवलं. का, ते तिलाच माहीत. एसटीत मी तो मांडीवर घेऊन बसलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "पोराले ताप शे का रे भाऊ?"

मी म्हटलं, "नाही, घसा बसलाय."

तिनं गोधडीवरून हात फिरवला आणि हात मागे घेतला. मग जळगाव येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

जळगावच्या दुकानदारानं नवं कार्ड बसवलं. मेमरीची एक पट्टी जास्तीची घातली, म्हणजे लांब गाणं मध्येच अडकणार नाही. माझा वांग्याएवढा माइक बघून त्यानं एक छोटा माइक काढून दिला. मला तो बघून लाज वाटली. एवढ्याशा माइकवर कोणी भाषण तरी करेल का?

घरी येऊन जोडलं. आता आवाज आला, पण आवाजाच्या मागे घूं. सतत. विहिरीवर मोटर चालू असावी तशी. फ्रिज बंद केला, घूं. ट्यूब बंद केली, घूं जरा कमी. पंखा बंद केला, आम्ही घामाघूम, घूं तशीच. बायको म्हणाली, शेजाऱ्यांचा मिक्सर असेल. मी जाऊन तोही बंद करून आलो. शेजारीण चटणी वाटायची थांबली आणि काय चाललंय ते बघायला आमच्या ओट्यावर येऊन बसली.

मग माझ्या डोक्यात आलं. आमच्या घरात तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकाला तारच नव्हती. मांडवात आम्ही काय करतो? जमिनीत लोखंडी कांब ठोकतो, मीठपाणी ओततो, तार तिला बांधतो. मी कांब आणि मिठाची बरणी घेतली आणि अंगणात गेलो. जमीन मऊ कुठे? तुळशीपाशी. दोन घाव घातले असतील, तोवर बायको मिठाची बरणी ओढायला धावली.

"तुळशीले मीठ? तुमनं डोकं ठिकाणवर शे का?"

"अगं, अर्थिंग आहे."

"ती अर्थिंग तिकडे मोरीजोडे करा. मनी तुळस जगी तर पोरनी कानबाई बठी."

तुळस जगेल तरच पोरीची कानबाई बसेल म्हणे. मोरीपाशी ठोकली. मीठ, कोळसा, बादलीभर पाणी. तार आणून जोडली. पडद्यावरची रेघ सपाट झाली. घूं गेली. मी एवढ्या मोठ्यानं "गेली!" ओरडलो की शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "कोण गेलं?"

आता सगळं तयार. क्लासच्या बाई कॉम्प्युटरपुढे, मी माइकपाशी, बायको पाटावर. आणि बायको गप्प.

"म्हण की."

"कोन्हापुढे म्हनू?"

"पोरीसाठी म्हण."

"पोरसाठी म्हनसू, पन कोन्हापुढे? कानबाई बठनी नही, नि ह्या डबापुढे तिना गाना म्हनू?"

बाईंनी समजावलं. मी समजावलं, म्हणजे ओरडलो. त्या बाबतीत माझं चुकलं असेलही, पण दोंडाईच्याचा माणूस परवा निघणार होता. पोर तिकडे मुकी बसणार होती. बायकोचे डोळे भरले, पण तोंड उघडेना. देवी नाही तर गाणं नाही. ती हट्टी नव्हती, मी सांगतो. तिच्या आईच्या घरची रीतच ती होती.

दुपारी जेवताना तिचा हात घासावरच थांबला. "जात्यावर चालस," ती म्हणाली.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू आमच्याकडे घरीच दळायचे. दळताना बाया तीच गाणी म्हणतात. देवी अजून यायची असते, तिला बोलावणं चाललेलं असतं. मग तिथे देवी समोर नसली तरी चालतं.

जातं मागच्या खोलीत, माझ्या फुटक्या कर्ण्यांच्या खाली. कर्णे काढले, जातं धुतलं, ओढत आणलं. ती दळायला बसली आणि गाऊ लागली. तिचा आवाज लागला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. पण कॉम्प्युटरात ऐकलं तर ढगांचा गडगडाट आणि त्यात कुठेतरी एक बाई. जात्याच्या घरघरीनं फरशी हादरत होती आणि ती घरघर माइकात जात होती.

मी गोधडी आणली, तीच, एसटीतली. चार घड्या घालून जात्याखाली सरकवली. माइक फरशीवरून उचलला आणि मांडवात नाटकवाल्यांसाठी टांगतो तसा आढ्याला दोरीनं टांगला, तिच्या तोंडापुढे. घरघर निम्मी झाली. बाकीची तिनं घालवली. एकेक मूठ टाकायची ती ओंजळीनं टाकू लागली. दाणा जास्त असला की दगडावर दगड घासत नाही, जातं मऊ बोलतं.

"अक्का, पण पीठ जाडं येईल," बाई म्हणाल्या.

"येऊ द्या. बट्टी करसूत, तिले जाडंच लागस."

पहिलं गाणं झालं. बाईंनी मान हलवली, छान. दुसरं चालू झालं आणि माझा हात आवाजाच्या खटक्याकडे गेला. काय करणार? माझा हात जन्मभर तिकडेच गेलेला. आवाज पुरता वाढवला. पडद्यावरची रेघ वरच्या कडेला जाऊन आपटली, बाईंनी माझ्या हातावर चापट मारली आणि बायको जातं न थांबवता, गाण्याच्या त्याच चालीत, त्याच लयीत म्हणाली,

"गावले नही, पोरले ऐकाडनं शे... आवाज कमी करा."

गावाला नाही, पोरीला ऐकवायचंय, असं. आणि पुढचं कडवं लगेच उचललं.

बाई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. सगळी गाणी होईपर्यंत तसाच. तिनं मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी हसली. ते बघणं कुठल्या कॉम्प्युटरात भरता येत नाही, नाहीतर मी तेही भरलं असतं.

मग आम्ही खोकले कापले. म्हणजे बाईंनी कापले, आम्ही बघितले. पडद्यावर खोकला उंच काट्यासारखा दिसतो. बायको प्रत्येक खोकला जाताना बोट दाखवायची, "हाऊ बी मना, हाऊ बी मना," हाही माझा, हाही माझा, जणू केसातला कचरा काढतायत. मी म्हटलं, "आणि ते मला बोललेलं काढा. जावई ऐकेल."

"काढते ना," बाई म्हणाल्या.

बाईंच्या क्लासात सीडी लिहायचं यंत्र नुकतंच आलं होतं. डबा मोपेडवर पायांपाशी ठेवून त्या घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सीडी आणून दिली. मी आणि बायको ती घेऊन एसटीनं दोंडाईच्याला गेलो. स्टेशनावर तो माणूस भेटला. बायकोनं सीडीबरोबर बट्ट्यांचा डबा दिला, कारण घरात जाड्या पिठाचं पोतं झालं होतं आणि आम्ही दोन दिवस वरण-बट्टीच खात होतो. गाडी सुटताना ती त्याला म्हणाली, "सीडी वाकाडू नको रे भाऊ." तो सुरतेपर्यंत ती हातात धरून गेला, असं पुढे पोरीनं सांगितलं.

कानबाईच्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे देवी बसली, बाया जमल्या, क्लासच्या बाईही आल्या, आणि फोन वाजला. पोरगी बोललीच नाही. तिनं फोन तिथे देवीपुढे धरला होता. बायको कानाला लावून उभी. मी तिच्या कानाला कान लावून.

पोर गात होती. मुकी नाही, चांगली खणखणीत. आईचीच चाल, आईचाच हेल, मागून चारपाच बायांची साथ. पहिलं गाणं झालं. दुसरं चालू झालं. आणि मध्येच सगळ्या बायांनी मिळून, टाळ्या वाजवत, चालीत म्हटलं,

"गावले नही, पोरले ऐकाडनं शे... आवाज कमी करा!"

बायको फोन सोडून मटकन खालीच बसली. हसून हसून तिला दम लागला. गल्लीच्या बायांना काय झालं कळेना. मी सांगितलं, तर त्याही हसल्या, आणि शेजारीण म्हणाली, मग आपणही म्हणू. मी बाईंकडे बघितलं. त्या कानबाईकडे बघत होत्या, अगदी भक्तिभावानं.

पोरीला खरंच वाटलं होतं की ते कडवंच आहे. नंतर सगळं कळलं, पण तिनं काढलं नाही. ती आता नाशिकला असते. तिच्याकडे अजून दरवर्षी कानबाई बसते आणि दुसऱ्या गाण्यात ती ओळ येतेच. नातीलाही पाठ आहे. माझ्या बायकोच्या आईच्या आईनं म्हटलेल्या गाण्यांत आता मी पण आहे, शिव्या खाणारा.

यंदाही मी गेलो होतो. गाणी चालू होती. माझ्या कानांना आता कमी ऐकू येतं, कर्ण्यांची कमाई. नातीनं विचारलं, "आबा, माइक लावू का? तुम्हाला नीट ऐकू येईल."

मी म्हटलं, नको. पोरीजवळ सरकून बसलो. दुसरं गाणं चालू झालं, आणि मी दोन्ही हात मांडीखाली घातले.