गच्चीवरचा माली

चहा घ्या, पण आधी कबूल करा की हसायचं नाही. कबूल? मग सांगते. माझ्या हातून जे झालं ते ऐकून दोन दिवस आमचे हे माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होते.

जेद्दात आमची पाच मजली इमारत. गच्चीवर माझ्या कुंड्या. मोगरा, कढीपत्ता आणि श्रीवर्धनहून कपड्यांत गुंडाळून आणलेला अळू. आता इथलं ऊन तुम्हाला काय सांगू! गच्चीवरचा नळ उघडला की पाणी नाही, चहाचं आधण येतं! सकाळी ड्युटीला जायच्या आधी पाच मजले बादल्या वाहून माझी कंबर गेली. हो, हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर आणि घरी पाणक्या!

इमारतीचे हारिस, म्हणजे रखवालदार, जलालभाई बांगलादेशचे. रोज माझा एकच प्रश्न, "जलालभाई, माली कब आएगा?"

"आएगा, मॅडम."

सहा महिने हेच. मग एक दिवस ते आपणहून म्हणाले, "मॅडम, छत वाले कमरे में नया आदमी आया है. माली है."

सुटले बाई एकदाची! दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर हजर. खोलीबाहेर एक उंच, काळेसावळे गृहस्थ छोट्या शेगडीवर चहा करत बसलेले. किटली हातभर उंच धरून इवल्याशा पेल्यात धार सोडत होते. मला बघून उठून उभे राहिले. त्यांची अरबी पुस्तकी, माझी हॉस्पिटलात पेशंटशी बोलून शिकलेली. पण काम भागलं.

"सलाम अलैकुम. ही झाडं..."

"व अलैकुम सलाम. तुम्ही बऱ्या आहात?"

"बरी आहे. ह्यांना पाणी..."

"घरचे बरे? यजमान बरे? मुलं? आई-वडील? त्यांच्या घरचे सगळे?"

अहो, माझ्या सासूने इतक्या वर्षांत माझ्या माहेरची एवढी चौकशी केली नाही! आणि हे एकदाच नाही हं, रोज! खानदानातल्या सगळ्यांची तब्येत सांगून होईपर्यंत बादलीला हात नाही.

"सगळे बरे आहेत! ही बादली घ्या. पाणी!"

त्यांनी बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बादली उचलली. पण हात काय होता! ओंजळीने अलगद, नेमकं मुळाशी पाणी.

"आमच्याकडे नदीकाठी माझी आई भाजी लावते," ते म्हणाले.

"कुठली नदी?"

"नायजर."

"अच्छा, नायजेरियाचे का तुम्ही!"

"नाही नाही. माली."

"ते माहीत आहे हो मला!" मी वैतागले. "माली आहात म्हणून तर सांगतेय!"

माणूस तोंडावर सांगतोय, आणि मी? मी त्यांना छाटणीची कात्री देतेय!

पुढचा आठवडा मी त्यांना भरपूर राबवलं. कुंड्या हलवा, खत घाला, खालून मातीचं पोतं आणा. एका सकाळी दिसले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी चक्क खडसावलं, "काल का नाही आलात?"

"कामावर लवकर गेलो होतो."

"म्हणजे दुसरीकडेही झाडं बघता?"

"नाही, मुलं बघतो."

मी मनात म्हटलं, काय पण माणूस, माळीकाम करून कुणाची पोरंही सांभाळतो!

रविवारी हॉस्पिटलात मीटिंग होती. आमच्या विभागाला नवे प्रमुख येणार होते. आठवडाभर दुसऱ्या शाखेत काम बघून ते त्या दिवशी आमच्याकडे रुजू होत होते. दार उघडलं. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि वर... माझा माळी!

"हे डॉक्टर बकारी. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे, राजधानी बामाकोचे. हॉस्पिटलचं घर मिळेपर्यंत एका गच्चीवरच्या खोलीत राहताहेत."

माली. देश! मी खुर्चीत इतकी खाली सरकले की शेजारच्या सिस्टरला वाटलं, मला चक्कर आली. डॉक्टर बकारी माझ्याकडे डोळे विस्फारून बघत राहिले. आणि त्यांच्या टेबलावर कुणाची फाइल? माझी! कराराच्या नूतनीकरणाची. सही झाली नाही तर करार संपला, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना संपला, खलास! यल्ला, चला श्रीवर्धनला!

घरी सांगितलं तर ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, नकाशावर एवढा थोरला देश! पेन ठेवलं तरी झाकला जात नाही!"

"जलालभाई 'माली है' म्हणाले, त्यात माझी काय चूक?"

लेक झोया मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, सीरियसली?"

मग काय, गुरुवारी त्यांना जेवायला बोलावलं. निळा, पायघोळ, नक्षीदार झगा घालून आले, राजासारखे. पंधरा मिनिटं सगळ्यांच्या तब्येती झाल्या आणि मग म्हणाले, "तुमच्या फाइलवर मी रविवारीच सही केली." माझ्या जिवात जीव आला. दाण्याची आमटी भातावर घेतली आणि खूश झाले. "अगदी आमच्या घरची! फक्त आई यात मटण घालते."

तेवढा धीर पुरे झाला. मी सगळं कबूल केलं. हिंदीत माली म्हणजे काय, जलालभाई काय म्हणाले, मी काय समजले. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"पण तुम्ही का राबलात?" मी विचारलं. "एकदा तरी म्हणायचंत, मी डॉक्टर आहे!"

ते एकदम अवघडले. ह्यांच्याकडे बघत हळूच म्हणाले, "माफ करा. रोज सकाळी जुना गाऊन, डोक्याला फडकं, हातात बादली... मला वाटलं, तुम्ही इमारतीची साफसफाई करणाऱ्या बाई. मालक एकट्या बाईला एवढं राबवतो याची मला दया आली. मी जलालला सांगितलंही, त्या बाईंना सुट्टी देत जा."

माझा पाराच चढला! पाहुणा, साहेब, सही, सगळं विसरले. हातातला डाव आमटीत आपटला.

"साफसफाईवाली? मी? अहो, मी डॉक्टर आहे! विचारायचं तरी एकदा! कुणी काही न विचारता माणसाला असं कामाला लावतं का... म्हणजे, समजतं का?"

हे ताटात तोंड घालून थरथरत होते, हसण्याने.

डॉक्टर बकारींनी डाव आमटीतून काढून माझ्या हातात दिला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "खरं आहे, डॉक्टर. फार वाईट वाटतं."