भेट देणाऱ्याची सही

"लिवलं का?" शेताच्या धुऱ्यावर पाय ठेवायच्या आधी काका हे विचारत. रामराम त्यानंतर. निंबोळीचा अर्क फवारला म्हणा, शेणखत टाकलं म्हणा, त्यांचं उत्तर ठरलेलं, "लिवलं नाही तं झालं नाही."

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या सेंद्रिय कापूस गटाचे ते तपासनीस आणि मी कारकून. कापसावर औषधं मारून मारून माणसं थकली होती, त्या वर्षांत आम्ही काही जणांनी रसायनं सोडली. प्रमाणपत्र साऱ्या गटाला मिळून एकच, तेही तीन वर्षं रसायनाशिवाय काढल्यावर. एकाची चूक झाली की सगळ्यांच्या कापसावरचं लेबल धोक्यात. म्हणून प्रत्येकाला एक वही, आणि वहीत शेवटचा रकाना: भेट देणाऱ्याची सही.

काका तांड्यावर एकटेच राहत. बायको वारलेली, मुलगी लांब दिलेली. तपासणीचं काम त्यांनी का घेतलं ते आम्हाला ठाऊक होतं. त्या निमित्ताने चार माणसांत बसता येई. एका शेताच्या तपासणीला ते तीन चहा लावत, आणि आम्ही त्यांच्यामागे हसायचो.

तिसऱ्या वर्षी ऐन वेचणीत आभाळ भरून आलं. गटाने दिलेल्या सुती पिशव्या संपल्या होत्या. काकांनी घाईघाईत आपल्या शेतातला थोडा कापूस शेजाऱ्याकडच्या युरियाच्या रिकाम्या चुंगड्यांत भरला. नियमाने हे चालत नाही. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलं होतं.

"काका, पान फाडून टाका. कोणी पाहिलंय?"

"म्या पाह्यलं ना. मीच तं तपासणीवाला आहो."

बाहेरचे निरीक्षक यायच्या आत गटाने त्यांना वगळलं. ठराव मीच लिहिला. काकांनी तो वाचला आणि म्हणाले, "बराबर लिवलं." जाताना मात्र दारात थांबले. "माह्या वावरात तपासाले कोणी येईन ना?"

मी हो म्हणालो.

आम्हाला प्रमाणपत्र मिळालं. गटाबाहेरच्या शेताला तपासणी लागत नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटत होती.

ते गेल्यावर मुलीने त्यांच्या वह्या मला आणून दिल्या. गटातून काढल्यावरही त्यांनी रोज लिहिलं होतं. निंदण, शेणखत, वेचणी. शेवटच्या रकान्यात दर ओळीला 'कोणी नाही'.

एकाच ओळीत वेगळी नोंद होती. 'कारकून सायकलीवर गेले. हात केला.' तिथला सहीचा रकाना त्यांनी माझ्यासाठी कोरा ठेवला होता.